कामातून पदवी : एका शिकाऊ उमेदवाराचा अनुभव

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी मी आपणांसमोर जमाखर्चाचे आकडे ठेवीत असतो. ते आकडे ताळेबंदासह याच अहवालात छापले जात असल्याने आज त्यांची पुनरुक्ती करीत नाही. विश्वस्त मंडळासमोर सध्या एक प्रस्ताव विचाराधीन आहे, त्याविषयी बोलावे अशी अध्यक्ष महोदयांची सूचना आहे. पदवीचे शिक्षण घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आपल्या नोंदणी कक्षात, देयक विभागात, औषध भांडारात आणि वैद्यकीय अभिलेख विभागात शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावे, त्यांना दरमहा विद्यावेतन द्यावे आणि येथील काम हा त्यांच्या पदवीचाच भाग मानला जावा, असा तो प्रस्ताव आहे.

प्रस्तावाची वार्ता पसरताच दोन आक्षेप माझ्या कानी आले. एक देणगीदार म्हणाले, "आमची देणगी रुग्णांसाठी आहे. मुलांच्या शिक्षणाचा भार तिच्यावर कशासाठी?" एका रुग्णाच्या भावाने विचारले, "आमचा माणूस आत खाटेवर, आणि खिडकीत बसणार शिकाऊ मुलगा. त्याच्याकडून काही राहून गेले, तर जबाबदार कोण?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यापूर्वी, ही पद्धत जेथे गेल्या दशकात रुजली त्या इंग्लंडमधील एक अनुभव मी आपणांस सांगू इच्छितो. तो माझ्या भाचीचा आहे. तिने चार वर्षे एका व्यवस्थापकीय सल्लागार संस्थेत शिकाऊ उमेदवार म्हणून काम करून व्यवस्थापन विषयाची पदवी संपादन केली. तिचे व तिच्या संस्थेचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही.

प्रथम या पद्धतीचे स्वरूप पाहू. इंग्लंडमध्ये पदवी-शिकाऊ उमेदवारीची योजना २०१५ साली सुरू झाली. तीत उमेदवार हा पहिल्या दिवसापासून मालकाचा पगारी नोकर असतो आणि त्याच वेळी विद्यापीठाचा विद्यार्थीही असतो. विद्यापीठाचे शुल्क उमेदवाराला भरावे लागत नाही. एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमधील मोठ्या मालकांवर यासाठी स्वतंत्र कर बसविण्यात आला. वर्षाला तीस लक्ष पौंडांवरील वेतनखर्चावर अर्धा टक्का असा त्याचा दर ठरला. शुल्काची रक्कम त्या पैशातून दिली जाते. माझ्या भाचीने २०२१ साली प्रवेश घेतला, तेव्हा इंग्लंडमधील विद्यापीठांना वर्षाला ९,२५० पौंडांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा होती. तिच्या वर्गमैत्रिणींपैकी बहुतेकींनी कर्ज काढून पदवी घेतली. हिच्या डोक्यावर कर्ज नाही आणि गाठीशी चार वर्षांच्या कामाचा अनुभव आहे.

कागदावर हे फार आकर्षक दिसते. प्रत्यक्षात घरात मात्र आनंदापेक्षा काळजीच अधिक होती. आपल्या मराठी मध्यमवर्गीय कुटुंबात पदवी म्हणजे कॉलेज, कॉलेज म्हणजे वर्ग, ग्रंथालय आणि परीक्षा, असे समीकरण पक्के असते. सातासमुद्रापार गेले म्हणून ते बदलत नाही. अठराव्या वर्षी मुलगी नोकरीला लागते म्हणजे घरची परिस्थिती बिघडली की काय, अशी शंका नातेवाइकांनी घेतली. माझ्या मातोश्रींनी तर दूरध्वनीवर तिला सरळ विचारले, "अगं, तू शिकतेस की नोकरी करतेस?" ती म्हणाली, "आजी, दोन्ही." आजीचे समाधान झाले नाही. त्या वेळी ते माझेही पुरतेसे झाले नव्हते, कारण दोन्ही करणारा माणूस बहुधा एकात कच्चा राहतो, असा आपला सर्वसाधारण अनुभव असतो.

आता सल्लागार संस्थेत काम कसे चालते, ते थोडक्यात सांगतो. कारखाना वस्तू विकतो, दुकान माल विकते. सल्लागार संस्था आपल्या माणसांचा वेळ आणि बुद्धी विकते. अमुक कामावर कोणी किती तास खर्च केले याची नोंद प्रत्येकाला ठेवावी लागते आणि अशिलाला जाणारे देयक त्या हिशेबाशी बांधलेले असते. अशा ठिकाणी अठरा वर्षांची मुलगी प्रथम काय करणार? पहिले काही महिने तिने बैठकांची टिपणे घेतली, कोष्टकांतील बेरजा पडताळल्या, अहवालातील आकडे आणि मूळ कागदांतील आकडे जुळतात की नाही हे तपासले. "मामा, मला वाटलं होतं मी सल्ला देणार, मी तर स्वल्पविराम शोधतेय," असे तिने मला एकदा लिहिले होते. वाणिज्य शाखेच्या माणसाला यात नवल वाटत नाही. जमाखर्च लिहिणाऱ्या प्रत्येकाची सुरुवात पडताळणीनेच होते, आणि दुसऱ्याचे आकडे तपासता तपासताच आकड्यांमागचा व्यवहार समजू लागतो.

तिचा पहिला धडा मात्र वेळेविषयीचा होता. त्या वेळच्या नियमानुसार कामाच्या तासांपैकी किमान वीस टक्के तास, म्हणजे आठवड्यातील एक दिवस, शिक्षणासाठी राखून ठेवणे मालकावर बंधनकारक होते. हा दिवस पगारी असतो. तथापि त्याचे देयक कोणत्याही अशिलाला पाठविता येत नाही. म्हणजेच ज्या संस्थेत प्रत्येक तासाला किंमत आहे, तेथे शिकाऊ उमेदवाराचा हा एक दिवस केवळ खर्चाच्या बाजूला पडतो. काम तातडीचे असले की पहिला घाला याच दिवसावर येतो. दुसऱ्या वर्षी एका मोठ्या कामाच्या धांदलीत सलग काही आठवडे तिचा हा दिवस कामात गेला. कोणी सक्ती केली नव्हती. "एवढा आठवडा जमेल का?" असे गोड शब्दांत विचारले जाई आणि ती 'हो' म्हणे. नवख्या माणसाला नकार देता येत नाही, हे आपण सर्व जाणतो. अभ्यास मागे पडला, रात्री जागून निबंध लिहावे लागले, आणि ही वाट सोडून द्यावी असे विचार तिच्या मनात येऊ लागले.

यातून तिला बाहेर काढले ते योजनेतील एका तरतुदीने. ठराविक काळाने उमेदवार, तिचा कार्यालयातील वरिष्ठ आणि विद्यापीठाचा मार्गदर्शक अशा तिघांची आढावा बैठक होते. त्या बैठकीत विद्यापीठाच्या मार्गदर्शकाने शिक्षणाच्या तासांची नोंदवही उघडून रिकामे रकाने दाखविले. वाद झाला नाही, आवाज चढला नाही. नोंद समोर होती. पुढच्या आठवड्यापासून तिचा दिवस तिला परत मिळाला आणि कामाची वाटणी बदलली. पदवीच्या वर्गात शिकविल्या गेलेल्या कोणत्याही सिद्धांतापेक्षा ही बैठक तिला अधिक शिकवून गेली, असे ती म्हणते. ज्या हक्काची नोंद ठेवली जात नाही, तो हक्क धांदलीच्या पहिल्याच आठवड्यात नाहीसा होतो. हे वाक्य माझे आहे. परंतु ते तिच्या अनुभवातून आलेले आहे.

दुसरा अनुभव आपणां रुग्णालयवाल्यांना अधिक जवळचा आहे. तिसऱ्या वर्षी तिला एका रुग्णालयाच्या कामावर पाठविण्यात आले. ब्रिटनमध्ये बहुसंख्य रुग्णालये राष्ट्रीय आरोग्य सेवेची असून तज्ज्ञ डॉक्टरांच्या भेटीसाठी रुग्णांना प्रतीक्षायादीत थांबावे लागते. भेटीची तारीख दिलेली असूनही काही रुग्ण येत नाहीत, तो वेळ वाया जातो आणि यादी लांबते. रुग्ण का येत नाहीत याचा शोध घेण्याचे ते काम होते. त्या रुग्णालयाचे नाव तिने मला सांगितले नाही व मीही विचारले नाही. अशिलाची गोपनीयता हा त्या व्यवसायाचा पहिला नियम होय.

वरिष्ठ मंडळींनी वय, विभाग, वार, वेळ अशी आकड्यांची वर्गवारी केली. तिच्याकडे पडताळणीचे काम होते. त्यासाठी ती दोन दिवस स्वागतकक्षात तेथील जुन्या महिला लिपिकाशेजारी बसली. दूरध्वनी येत होते, आणि पुष्कळ जण एकच गोष्ट सांगत होते : "तुमचे पत्र आज मिळाले, भेट तर कालच होऊन गेली." लिपिकबाईंना हे कित्येक महिन्यांपासून ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि संगणकात 'पत्र उशिरा पोहोचले' असा रकानाच नव्हता. तेथे फक्त 'रुग्ण आला नाही' एवढीच नोंद होत असे. माझ्या भाचीने पत्र छापल्याची तारीख, ते टपालात पडल्याची तारीख आणि भेटीची तारीख असे तीन रकाने स्वतः तयार केले आणि ती बाब वरिष्ठांपुढे मांडली. न येण्याची इतर कारणेही होतीच. परंतु एक कारण रुग्णाच्या निष्काळजीपणात नसून कार्यालयाच्या कारभारात आहे, हे त्या तीन रकान्यांनी दाखवून दिले. अहवालात त्या लिपिकबाईंच्या निरीक्षणाचा उल्लेख झाला, याचे तिला स्वतःच्या गुणांपेक्षा अधिक समाधान वाटले.

त्याच सत्रात विद्यापीठात तिला कार्यपद्धतींच्या विश्लेषणाचा विषय होता. पुस्तकात वाचलेले शुक्रवारी आणि स्वागतकक्षात पाहिलेले सोमवारी, असे ते दोन्ही एकत्र आले. पदवी आणि काम यांची अशी सांगड पडली, तरच या योजनेला अर्थ आहे. सकाळी एक शिकायचे आणि दुपारी त्याच्याशी संबंध नसलेले दुसरे काही करायचे, यालाही कष्ट पडतात. मात्र ते दोन वेगळे कष्ट असतात.

या वाटेची उणी बाजूही सांगितली पाहिजे. तिच्या मैत्रिणी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत होत्या, स्नेहसंमेलनांत रमत होत्या. ही सकाळच्या गाडीने कार्यालय गाठीत होती. मैत्रिणींना उन्हाळ्याची लांब सुटी, हिला नोकरदाराची मोजकी रजा. कार्यालयात तिच्या वयाचे फारसे कोणी नव्हते. दोन जगांत पाय ठेवून कोणत्याच जगाचे पुरते न होण्याचे एकटेपण तिने सोसले. तिच्याबरोबर सुरुवात केलेल्यांपैकी काहींनी मध्येच ही वाट सोडली. आणखी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. ब्रिटनमधील सटन ट्रस्ट या शिक्षणक्षेत्रातील धर्मादाय संस्थेने २०२० साली दाखवून दिले, की या पदवी-उमेदवारीचा लाभ वंचित वस्त्यांपेक्षा संपन्न वस्त्यांतील तरुणांना अधिक प्रमाणात मिळत आहे. कर्जाविना पदवीची खरी गरज ज्यांना होती, त्यांच्यापर्यंत योजनेची माहितीच उशिरा पोहोचली. जेथे जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, तेथे ज्याच्या घरी माहिती आधी येते, तो रांगेत पुढे उभा राहतो.

आपल्या महाराष्ट्राला श्रमातून शिक्षण ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि 'कमवा व शिका' हे तत्त्व साताऱ्यात प्रत्यक्षात आणून दाखविले. पुढे आपल्या विद्यापीठांनीही ती योजना स्वीकारली. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करून शिकलेले अनेक जण आज या सभागृहातही असतील. वाणिज्य शाखेतील आम्हा मंडळींना सनदी लेखापालांकडील आर्टिकलशिप माहीत आहे. सकाळी कॉलेज आणि दिवसभर लेखापरीक्षण करून माझ्या पिढीतील कित्येक जण सनदी लेखापाल झाले. पूर्वी तीन वर्षांचे असलेले ते प्रशिक्षण जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांचे झाले आहे. पण पदवी आणि काम यांना एकाच माळेत ओवण्याची रीत आपल्याकडे उशिरा आली. शिकाऊ उमेदवारांविषयीचा कायदा १९६१ चा असला तरी त्याची सुरुवात कारखान्यांतील व्यवसायांपासून झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत करण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली ती २०२० साली. आपला प्रस्ताव त्याच धर्तीचा आहे. इंग्लंडमध्ये परिचारिकांच्या पदवीसाठीही अशी उमेदवारी २०१७ पासून सुरू झाली, ही बाब रुग्णालय म्हणून आपण ध्यानात घ्यावी. तूर्त आपला विचार मात्र कार्यालयीन कामापुरताच मर्यादित आहे.

आता सुरुवातीच्या दोन आक्षेपांकडे वळतो.

देणगीचा प्रश्न प्रथम. धर्मादाय रुग्णालयांवर कलम ४१कक अन्वये जे दायित्व आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेने ज्याला निश्चित रूप दिले, ते आपणांस विदित आहे. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य, दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात, आणि देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. विद्यावेतनाचा एक रुपयाही या निधीतून खर्च होता कामा नये. रुग्णांसाठी म्हणून आलेल्या देणग्यांनाही हात लागता कामा नये. ज्या देणगीदारांची इच्छा असेल, त्यांनी प्रशिक्षणासाठी म्हणून स्वतंत्र देणगी द्यावी. तिचे खाते वेगळे राहील आणि तिचा हिशेब याच वार्षिक अहवालात वेगळ्या पानावर छापला जाईल, अशी शिफारस मी विश्वस्त मंडळास केली आहे. हा खर्च रुग्णसेवेपासून अगदीच दूरचा नाही, हेही सांगितले पाहिजे. गावाहून आलेल्या नातेवाइकाला या योजनेची माहितीच नसते. कोणते दाखले हवेत, ते कोठे मिळतात, कोणाला भेटायचे, हे समजेपर्यंत त्याने दागिने गहाण टाकलेले असतात. खिडकीतील माणसाने दाखल होतानाच एक प्रश्न विचारला, तर हे टळते. तो प्रश्न कोणता, कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारायचा, हे वर्गात शिकविता येत नाही. ते जुन्याजाणत्या कर्मचाऱ्याशेजारी बसूनच शिकावे लागते.

दुसरा प्रश्न जबाबदारीचा. त्याचे उत्तर निःसंदिग्ध असले पाहिजे : जबाबदारी रुग्णालयाची, शिकाऊ मुलाची नव्हे. म्हणून प्रस्तावात चार अटी घातल्या आहेत. शिकाऊ उमेदवाराच्या गळ्यातील ओळखपत्रावर तसे मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेले असेल. आपणांस केव्हाही "वरिष्ठांना बोलवा" असे म्हणण्याचा अधिकार राहील. रोख रकमेचा स्वीकार, सवलतीचा निर्णय आणि देयकावरील अंतिम स्वाक्षरी यांपैकी काहीही तो एकटा करणार नाही. प्रत्येक उमेदवारामागे एक ज्येष्ठ कर्मचारी नेमलेला असेल आणि त्या ज्येष्ठाच्या नित्याच्या कामातून तितका वेळ वजा केला जाईल. कारण शिकविणे हे फावल्या वेळात उरकण्याचे काम नाही. आणि आठवड्यातील एक दिवस उमेदवाराच्या अभ्यासाचा राहील, त्याची नोंदवही ठेवली जाईल व ती दर तीन महिन्यांनी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांना दाखविली जाईल.

या चौथ्या अटीविषयी काही जणांनी शंका घेतली. माणसे कमी असताना आठवड्यातील एक दिवस मुलांना सोडणे परवडेल का, असे त्यांचे म्हणणे. माझे उत्तर असे, की तो दिवस आपल्याला परवडत नसेल तर ही योजनाच आपण हाती घेऊ नये. अभ्यासाचा दिवस काढून घेतला, की शिकाऊ उमेदवार म्हणजे अल्प वेतनावरील कारकून. असा कारकून नेमणे हा एका धर्मादाय संस्थेने पत्करावा असा मार्ग नव्हे. त्यात त्या मुलाचीही फसवणूक आहे आणि शिक्षणासाठी म्हणून पैसे देणाऱ्या दात्याचीही.

निवड कोणाची करावी, याविषयी एकच सूचना. जाहिरात केवळ शहरातील नामांकित महाविद्यालयांच्या फलकांवर न लावता आपल्याकडे रुग्ण ज्या गावांतून येतात, तेथील महाविद्यालयांपर्यंत ती पोहोचावी. ज्या घराने रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढली आहे, त्या घरातील मुलाला खिडकीपलीकडच्या माणसाची अडचण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

माझ्या भाचीला गेल्या वर्षी, २०२५ साली, पदवी मिळाली. ती त्याच संस्थेत काम करते. यंदा तिच्या हाताखाली अठरा वर्षांचा एक नवा उमेदवार देण्यात आला असून त्याच्या अभ्यासाच्या दिवशी बैठक ठेवू नये, अशी सूचना तिने पहिल्याच आठवड्यात आपल्या विभागाला दिली, असे तिने कळविले आहे. जे शिक्षण पुढच्याच्या हाती असे सोपविले जाते, ते पक्के झाले असे समजावे.

प्रस्तावाचा अंतिम निर्णय विश्वस्त मंडळ घेईल. तत्पूर्वी देणगीदारांनी व रुग्णांच्या नातेवाइकांनी आपल्या सूचना, शंका आणि हरकती लेखी स्वरूपात प्रशासकीय कार्यालयाकडे द्याव्यात, अशी नम्र विनंती आहे. प्रत्येक पत्र मंडळासमोर ठेवले जाईल.